कौशल्याचा खेळ आणि १८८७ चा कायदा

मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ मध्ये झाला, तेव्हा मुंबई शहर व साष्टी बेटाखेरीज प्रत्येक रेल्वे स्थानक आणि त्याभोवतीचा तीन मैलांचा परिसर त्याच्या कक्षेत घेण्यात आला. त्यामुळे १८७८ मध्ये सुरू झालेल्या दौंड–मनमाड लोहमार्गावरील पुणतांबा हे गोदावरीकाठचे तीर्थक्षेत्र एरवी सरकारच्या फारशा खिजगणतीत नसूनही केवळ स्थानकामुळे त्या कक्षेत आले. याच कायद्याच्या तेराव्या कलमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना मोकळीक दिली, आणि पुढचा सारा वाद या एका कलमाभोवती फिरला.

निव्वळ नशिबावर चालणाऱ्या मटक्याला हा आडोसा मिळणे शक्यच नव्हते. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर मुंबईत लागणारा हा सट्टा १९६० च्या दशकात कल्याणजी भगत व रतन खत्री यांनी पत्त्यांवर आणला: तीन पाने काढायची, त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक, म्हणजे ४, ५, ८ आल्यास ७, हा ‘ओपन’, आणि तशाच दुसऱ्या सोडतीचा अंक ‘क्लोज’.

‘फँटसी’ क्रिकेटमध्ये मात्र खेळणारा शंभर ‘क्रेडिट’च्या मर्यादेत खऱ्या सामन्यातील अकरा खेळाडू निवडतो, कर्णधाराला दुप्पट आणि उपकर्णधाराला दीडपट गुण मिळतात, म्हणून २००८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘ड्रीम११’चा खेळ मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कौशल्याचा ठरवला. पैसे गमावणाऱ्याला कौशल्य आणि नशीब यांतला हा भेद कितपत जाणवत असेल, हा प्रश्न वेगळा. ऑगस्ट २०२५ मधील केंद्रीय कायद्याने पैशांवरील ऑनलाइन खेळांपुरता तो भेदच पुसला.