चूल निवडावी सरपण पाहून
(बिनधुराच्या चुलीची ऐंशी वर्षांची कहाणी, आणि तिच्यातून घ्यायचा धडा)



मुळशीत पाऊस लागला की चार महिने सरपण ओलं, भिंती ओल्या, आणि घरात धूर कोंडलेला. ताम्हिणीकडच्या वाड्यांपासून पौड-पिरंगुटापर्यंत ज्या घरात अजून चूल पेटते, तिथल्या माउलीला हे वेगळं सांगायला नको. गॅस आला तरी आंघोळीचं पाणी, भाकरी आणि गुरांचं आंबोण यांच्यासाठी चूल पुष्कळ घरांत राहिलीच आहे. म्हणून आज खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून चुलीविषयी बोलू.

कोणती चूल घ्यावी हे ठरवण्याआधी आजवर कोणत्या चुली आल्या आणि त्या का टिकल्या नाहीत, हे पाहावे. बिनधुराची चूल काही कालची नाही. तुमच्या आजोबांच्या काळापासून ती येते आहे आणि जाते आहे. एकदा गेलेली चूल पुन्हा विकत घ्यायची नसेल, तर तिचा इतिहास ठाऊक हवा.

धूर म्हणजे न जळलेलं सरपण

लाकूड तापले की त्यातून वाफा निघतात. त्या वाफांना भरपूर हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली की त्यांचाच जाळ होतो. हवा कमी पडली किंवा लाकूड ओले असले की त्याच वाफा न जळता धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे धूर हे तुमचेच सरपण, भांड्याला न लागता आढ्याकडे गेलेले. तीन दगडांच्या उघड्या चुलीत शंभर भाग उष्णतेतले दहा-पंधरा भागच भांड्याला लागतात. बाकीची वाया जाते.

आपल्या घरातला पाण्याचा बंब आठवा. मधल्या नळीतून जाळ सरळ वर ओढला जातो आणि खाली जाळीतून हवा येते, म्हणून बंब पेटला की फारसा धूर करीत नाही. चांगल्या चुलीचे तत्त्व हेच. खालून हवा, मध्ये बंदिस्त जाळ, आणि वर जायला वाट.

मगनवाडीपासून सुरुवात

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चाले. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली हा संघ निघाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी तो वाढवला. घाणी, हातकागद, मधमाश्या यांच्याबरोबर तिथे चुलीचाही विचार झाला. त्यातून १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ पुढे आली. मातीची बंदिस्त चूल, सरपणाला एकच तोंड, वर ओळीने भांड्यांची भोके आणि शेवटी धुराडे. एका जाळावर दोन-तीन भांडी शिजावीत आणि उरलेला धूर छपरावर जावा, अशी रचना. आपल्या चुलीला वैल असतो ना, त्याचाच हा पुढचा विचार.

त्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनी अशीच मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली तिच्यावर इंग्रजीत पुस्तिका काढली. धुराड्यात सरकती पट्टी बसवून ओढ कमी-जास्त करण्याची सोय त्यांनी दाखवली. या दोन्ही चुली घरच्या मातीत, थोडक्या खर्चात होणाऱ्या होत्या. पण त्या नीट बांधणारा माणूस गावोगाव नव्हता, आणि पट्टी केव्हा ओढायची हे घरात कोणी शिकवले नाही. पट्टी सदा उघडी राहिली की जाळ धुराड्यात पळतो आणि सरपण उलट जास्त लागते.

मोठी मोहीम आणि तिचा शेवट

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्याची नोंद झाली. मग केंद्राने हा कार्यक्रम थांबवून काम राज्यांवर सोपवले.

एवढ्या चुली बसल्या, तर मग त्या गेल्या कुठे? चुलींची संख्या गाठायची म्हणून पुष्कळ ठिकाणी घाईने काम झाले. माप चुकले, धुराडे आखूड राहिले. एकदा बसवली की पुन्हा बघायला कोणी येईना. काजळीने नळ बुजला, धूर पुन्हा घरात आला. मोठा ओंडका मावेना म्हणून घरच्यांनी तोंड फोडून रुंद केले. नाव बिनधुराची आणि घर धुराने भरलेले, म्हणजे नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा!

पुढे ओडिशातही हाच अनुभव आला. तिथे सुमारे २६०० घरांवर धुराड्याच्या चुलींचा अभ्यास चार वर्षे चालला. पहिल्या वर्षी बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, पण पुढे चुलींची देखभाल राहिली नाही, वापर घटला आणि फायदाही नाहीसा झाला. लक्षात घ्या, चूल बसवण्याइतकेच तिला सांभाळणे महत्त्वाचे.

पुण्याजवळचे दोन धडे

१९९६ साली डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था काढली. दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल त्यांनी गावांत नेली. त्यांचा महत्त्वाचा उपाय म्हणजे साचा. कुंभार आणि गावचे कारागीर साच्यातून चूल काढू लागले, त्यामुळे माप चुकेना. शिवाय चूल मोडली तर दुरुस्त करणारा माणूस बाजाराच्या गावीच सापडू लागला.

दुसरा धडा ‘ऊर्जा’ चुलीचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर आधारलेली, लहान पंख्याची ही चूल २००६ पासून महाराष्ट्र-कर्नाटकात विकली गेली. चूल उत्तम जळे, धूर नावाला. चार लाखांहून अधिक चुली खपल्या. पण तिला शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्याच लागत, आणि त्या विकत घ्याव्या लागत. गोळ्यांचा भाव वाढला, गावात मिळेनाशा झाल्या, आणि बहुतेक घरांनी ती चूल बाजूला ठेवली. चुलीत खोट नव्हती. परसात काटक्यांचा ढीग असताना चुलीसाठी दुकानाकडे बघावे लागले, ही अडचण होती.

धुराचा कायदा घरापर्यंत

धुरावर कायदा हीसुद्धा जुनी गोष्ट. मुंबईत १९१२ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला, पण त्याचा रोख गिरण्या-कारखान्यांच्या भट्ट्यांकडे होता. घरच्या चुलीचा विचार पुढे लंडनमध्ये झाला. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे धुके आणि दगडी कोळशाचा धूर पाच दिवस कोंडून राहिला आणि सुमारे चार हजार माणसे दगावली. पुढे अभ्यासकांनी हा आकडा याहून बराच मोठा ठरवला. १९५६ साली तिथे कायदा झाला. स्थानिक संस्थांना धूर-नियंत्रित भाग ठरवता येऊ लागले. त्या भागात बिनधुराचे इंधन किंवा मान्य केलेली चूलच वापरायची. मात्र चूल बदलण्याच्या खर्चातला दहातला सात हिस्सा सरकारी मदतीतून मिळे. नुसती बंदी घातली नाही, हात दिला, म्हणून ते साधले.

आपल्या देशात १९८१ चा हवा प्रदूषण कायदा आहे. हवा-नियंत्रण क्षेत्र ठरवून तिथे मान्य इंधन आणि मान्य साधनच वापरावे असे सांगण्याचा अधिकार त्याने राज्याला दिला आहे. २०१९ पासूनच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुणे शहर आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हिंजवडी आपल्याच तालुक्यात आहे आणि शहर पिरंगुटाकडे सरकते आहे. घराला घर लागले की एकाच्या धुराड्यातला धूर दुसऱ्याच्या खिडकीत जातो. म्हणून पुढची चूल घेताना धूर नुसता बाहेर काढणारी नको, मुळात कमी करणारी हवी.

आणि कायदा राहू द्या, घरच्या माणसांचे पाहा. गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्र लावून धूर मोजला, तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा कळले की शहराच्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त धूर चुलीपुढे बसणारीच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली. त्यात पाच वर्षांखालची मुले २ लाख ३७ हजारांहून अधिक. दमा, लहान मुलांचा न्यूमोनिया, डोळ्यांचा मोतीबिंदू, हृदयविकार, या साऱ्यांशी धुराचा संबंध आहे.

मग चूल कशी निवडावी?

१. आधी सरपण पाहा. वर्षभर तुमच्या घरी काय जळते? काटक्या आणि कारवी असेल तर खाली जाळी असलेली साधी बंदिस्त चूल चालते. शेणी जाळत असाल तर राख पुष्कळ होते, म्हणून जाळीखाली राखेला खोल जागा हवी. तूस आणि लाकडाचा भुसा साध्या चुलीत नुसता धुमसतो. त्याला दाबून भरायची भुशाची शेगडी वेगळी. ‘सर्व इंधनांची चूल’ म्हणून कोणी विकायला आला तर तुमचेच सरपण तिच्यात पेटवून दाखवायला सांगा, आणि तेही पावसाळ्यातले.

२. आपली भांडी घेऊन जा. तवा, भाताचे पातेले आणि पाण्याचा हंडा भोकावर नीट बसतो का ते पाहा. भाकरी शेकायला निखारे पुढे ओढता येतात का, तेही पाहा.

३. मानकाची खूण पाहा. कारखान्याच्या सुट्या चुलीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण असावी. आय. एस. १३१५२ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे साध्या चुलीत शंभरातले किमान २५ भाग उष्णता भांड्याला लागली पाहिजे, पंख्याच्या चुलीत किमान ३५. पंख्याच्या चुलीला धुराच्या कणांची मुभा साध्या चुलीच्या निम्म्याहून कमी आहे. मात्र पंख्याला वीज लागते, याचा हिशेब धरावा.

४. धुराडे आढ्याच्या वर न्यावे. मुळशीच्या पावसात त्याला टोपी हवीच. महिन्यातून एकदा काजळी काढावी. छप्पर गवताचे असेल तर नळ आणि गवत यांत पुरते अंतर ठेवून मध्ये पत्रा लावावा.

५. चुलीचे तोंड फोडू नये. लाकूड अंगठ्याएवढे बारीक फोडावे. थोडे थोडे सरपण घालावे, कोंबू नये.

६. सरपण वळवाआधी भरावे. जुन्या चुलीच्या धुराने माळ्यावरची लाकडे सुकत, वासे आणि टांगलेली बियाण्याची कणसे किडीपासून वाचत. हा धुराचा गुण होता, नाकारून चालणार नाही. आता पडवीत उंचावर, वारा लागेल असे सरपण रचावे आणि बी चांगले वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

७. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपेतच माणूस दगावतो.

८. शक्य तिथे गॅस किंवा गोबरगॅसला पहिला मान द्यावा. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. शेणी थापून जाळल्या तर खत गेले. गोबरगॅसात जाळही मिळतो आणि मळीचे खतही खाचराला जाते. चूल मग जोडीला राहू द्या.

शेवटी एक सांगणे

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवण मंडळे चालवली. आधी ऐकायचे, मग चर्चा करायची, मग कृती करायची, अशी ती रीत. चुलीच्या बाबतीत हीच रीत धरा. मात्र चर्चेला चुलीपुढे बसणारी आधी हवी. आजवरच्या पुष्कळ चुली तिला न विचारता ठरल्या आणि म्हणूनच कोपऱ्यात पडल्या.

तेव्हा बाजाराला निघण्याआधी घरात विचारा, कारभारीणबाई, आपण वर्षभर काय जाळतो, कशात शिजवतो, आणि धूर कधी जास्त होतो? तिच्या उत्तरावर चूल ठरवा. पैसे वाया जाणार नाहीत.