निशाणी, अंगठा आणि सही : अवसरी खुर्दच्या परिसरातील समूह आणि व्यक्ती

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात मंचरच्या आसपास अवसरी या नावाची दोन गावे आहेत : अवसरी बुद्रुक आणि अवसरी खुर्द. ‘बुजुर्ग’ म्हणजे वडील अथवा थोर आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. हे दोन्ही शब्द फारसीतून मराठीच्या दप्तरी व्यवहारात आले आणि महाराष्ट्रातील असंख्य जोडगावांच्या नावांस कायमचे जडले. या नामकरणातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शेजारी बुद्रुक आहे म्हणूनच एखादे गाव खुर्द ठरते. एकट्या गावाला खुर्द म्हणण्यास काही अर्थ उरत नाही. गावाची ओळख जशी दुसऱ्या गावाशी असलेल्या नात्यावरून ठरली, तशीच गावातील माणसाची ओळखही त्याच्या भावकीशी, आळीशी आणि गावकीशी असलेल्या नात्यांवरून ठरत आली. हे कसे घडले आणि त्यात कालमानाने कोणता पालट झाला, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

समाजशास्त्रात या प्रक्रियेस सामाजीकरण अशी संज्ञा आहे. इतरांच्या दृष्टीत आपले जे रूप उमटते त्यावरून माणूस स्वतःस ओळखू लागतो, असे चार्ल्स कूली यांनी १९०२ साली प्रतिपादन केले. जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हा विचार पुढे नेऊन भाषेच्या व्यवहारातूनच ‘स्व’ आकारास येतो असे दाखविले. तथापि हे विवेचन बहुधा बालपण आणि कुटुंब यांपुरते राहते. इतिहासाच्या अभ्यासकास प्रौढ माणसाच्या सामाजिक रूपाचा लेखी पुरावा हवा असतो. मराठी मुलखात असा एक पुरावा विपुल उपलब्ध आहे, परंतु त्याकडे या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. कागदावर साक्ष देताना माणसाने स्वतःची खूण कशी केली, हा तो पुरावा होय.

सतराव्या आणि अठराव्या शतकांत वतनाचा तंटा निर्माण झाला म्हणजे तो गोतसभेपुढे येई. ‘गोत्र’ या संस्कृत शब्दापासून ‘गोत’ हा शब्द आला असला तरी मराठीत त्याचा अर्थ पुष्कळ विस्तारला. गोतसभेत देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, मिरासदार कुणबी आणि बलुतेदार हे सारे बसत. म्हणजे रक्ताच्या नात्यापलीकडे जाऊन एका मुलखात एकत्र नांदणाऱ्यांस ‘गोत’ म्हटले जाई. सभेचा निर्णय मजहरात नोंदविला जाई आणि त्याखाली उपस्थितांच्या खुणा होत. ज्यास लिहिता येत नसे तो आपली निशाणी करी. कुणबी नांगर काढी, न्हावी आरसा काढी, परीट मोगरी काढी, सुतार आपले हत्यार काढी.

या निशाण्यांचा अर्थ काय? नांगराच्या चित्राने विशिष्ट कुणबी ओळखू येत नाही, कारण गावातील प्रत्येक कुणब्याची निशाणी तीच असते. त्याचे नाव शेजारी कारकुनाने लिहिलेले असे. त्याच्या स्वतःच्या हाताचे असे ते नांगराचे चित्रच. म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःविषयी जे सांगावयाचे ते इतकेच, की अमुक कामाच्या, अमुक हक्काच्या समूहातील हा एक माणूस आहे. आणि हे सांगण्यात त्याला कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते. ती निशाणी वतनाची, मानाची आणि सभेतील आसनाची द्योतक होती. मिरासदार आणि उपरी यांतील भेदही येथेच दिसतो. उपरी हा तीच जमीन कसत असेल, त्याच विहिरीचे पाणी पीत असेल. परंतु पिढीजात हक्क नसल्याने गोतातील त्याचे स्थान दुय्यम राही. कष्टाने माणूस कुणबी होई, पण गोताच्या मान्यतेवाचून तो मिरासदार होत नसे.

या व्यवस्थेचे दोन कोपरे मात्र अंधारे होते. स्त्रीची निशाणी बांगडी असे. पुरुषाची खूण त्याच्या कामावरून घेतलेली आणि स्त्रीची खूण अंगावरील लेण्यावरून घेतलेली, हा भेद सहज पडलेला नाही. शेतात, चुलीपाशी आणि जात्यावर तिचे श्रम पुरुषाहून कमी नव्हते. परंतु कागदावर त्यांना चिन्ह मिळाले नाही. दुसरा कोपरा महारवाड्याचा. महार हा बलुतेदार होता, गावाच्या सीमेचा जाणकार होता आणि शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष महत्त्वाची मानली जाई. तरीही त्याचे घर गावकुसाबाहेर होते. ज्या समूहाने त्याला साक्षीस बोलाविले त्याच समूहाने त्याला वेशीच्या आत राहू दिले नाही. समूह माणसास घडवितो असे म्हणताना त्या घडविण्यात त्याची पायरीही निश्चित केली जाते, हे विसरून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकात कागदाचे स्वरूप पालटले. गोतसभेची जागा दिवाणी न्यायालयाने घेतली आणि मजहराऐवजी सावकाराचे खत हा शेतकऱ्याच्या आयुष्यातील मुख्य दस्तऐवज झाला. पूर्वी निशाणी सभेपुढे होत असे. आता ती सावकाराच्या ओसरीवर एकट्याने होऊ लागली. गावाने पाहिलेली खूण आणि गावाच्या नकळत झालेली खूण यांत मोठे अंतर आहे. आंबेगावास लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील करडे या गावी डिसेंबर १८७४ मध्ये एका देशमुखाच्या घरावर सावकाराने हुकूमनामा बजावून घर पाडविले, तेव्हा गावाने आपले जुनेच शस्त्र बाहेर काढले. सावकारांकडे कोणी चाकरी करू नये, बलुतेदारांनी त्यांची कामे करू नयेत, असा बहिष्कार पुकारण्यात आला आणि ही लाट आसपासच्या गावांत पसरली. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला. या दंग्यांत जमावांचा रोख प्रामुख्याने खतांवर होता. खते हिसकावून ती जाळण्यात आली. एकेकट्याने केलेल्या निशाण्या समूहाने एकत्र येऊन नष्ट केल्या, असे या घटनेचे वर्णन करता येईल. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकरी कर्जनिवारण कायद्याने शेतकऱ्याची खते ग्रामनिबंधकासमोर व्हावीत अशी तरतूद केली. निशाणीस साक्षी हवा, हे गोताचे तत्त्व सरकारने निराळ्या रूपात मान्य केले असा याचा अर्थ होतो.

करड्यास जे शस्त्र सावकारावर चालले तेच शस्त्र इतरांवरही चालत आले होते. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे सत्यशोधक समाजाच्या अनुयायांनी १८८० नंतरच्या दशकात ग्रामजोशास न बोलाविता लग्ने लाविली, तेव्हा जोशी वतनाच्या हक्काचा वाद न्यायालयात गेला. प्रश्न दक्षिणेच्या रकमेपुरता नव्हता. आपल्या घरचा संस्कार कोणाच्या हातून करावा हे ठरविण्याचा अधिकार कुटुंबास आहे की गावाच्या पिढीजात रचनेस आहे, हा तो प्रश्न होता. पुढे १९२६ साली सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात या सक्तीच्या दक्षिणेविरुद्ध कायदा झाला. परंतु ओतूरच्या लोकांनी गावाच्या रचनेस विरोध करण्याचे बळ कोठून मिळविले? १८७३ साली पुण्यात स्थापन झालेल्या दुसऱ्या एका समूहाकडून, सत्यशोधक समाजाकडून. एका समूहाचा जाच झुगारताना पाठीशी दुसरा समूह असावा लागतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दरम्यान निशाणीची जागा अंगठा घेऊ लागला होता. बोटांच्या ठशांचा उपयोग व्यवहारात करण्याचा उपक्रम विल्यम हर्शेल यांनी १८५८ साली बंगालमध्ये केला आणि यथावकाश ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. शरीरशास्त्राच्या दृष्टीने अंगठ्याचा ठसा ही सर्वांत वैयक्तिक खूण होय. एकाचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही. नांगराने न सांगितलेली गोष्ट अंगठा सांगतो. असे असता मराठी भाषेने या खुणेस कोणती वागणूक दिली? ‘अंगठाछाप’, ‘अंगठेबहाद्दर’ हे शब्द उपहासाचे झाले. नांगराची निशाणी करणारा कुणबी निरक्षर होता, परंतु त्या निशाणीवरून त्याला हिणविणारा शब्द भाषेत रूढ झाला नाही. अंगठ्याने माणूस समूहापासून सुटा झाला खरा, पण त्याच क्षणी त्याची गणना निरक्षरांच्या एका नव्या, मानहीन समूहात होऊ लागली. केवळ एकटेपणाने व्यक्तित्व सिद्ध होत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

गावाबाहेर पडलेल्या माणसाचे काय झाले, हेही पाहणे अगत्याचे आहे. मुंबईतील डबेवाल्यांचा व्यवसाय महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केला असे सांगितले जाते. त्यात मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील माणसे पिढ्यानपिढ्या येत राहिली. नवा माणूस घ्यावयाचा तो नात्यातला किंवा शेजारच्या गावचा, टोळीवर मुकादम, चुकीचा जाब टोळीपुढे. ही सारी गावकीची घडी मुंबईच्या लोकल गाडीत बसविलेली आहे. प्रत्येक डब्यावर तो कोठून निघाला, कोठे उतरावयाचा आणि कोणी पोहोचवावयाचा हे सांगणारी खूण असते. आरंभी रंगीत धाग्यांनी आणि पुढे रंगाने काढलेली अक्षरे व आकडे यांनी हे काम साधले. न लिहिणाऱ्या माणसांनी महानगराच्या व्यवहारासाठी घडविलेली ही नवी निशाणीच होय. १९५६ साली या व्यवसायाचा विश्वस्त निधी स्थापन झाला. गावी शेतकरी आणि मुंबईत डबेवाला, अशा दोन समूहांत एकच माणूस वावरू लागला. २०२० च्या टाळेबंदीत डबे थांबले तेव्हा अनेकांनी गावाची वाट धरली. दोन समूहांत पाय असणे म्हणजे काय, याचा अर्थ त्या वर्षी त्यांच्या प्रत्ययास आला.

स्वातंत्र्योत्तर काळात गावाची जुनी रचना कायद्याने मोडली. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली आणि मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. महार वतनाचा लढा याहून जुना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. वतन हा हक्क नसून महारास गावाशी जखडून ठेवणारी बेडी आहे, हे त्यांचे निदान होते. कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली संमत होऊन पुढील वर्षी अमलात आला. तत्पूर्वी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी लोकांनी बाबासाहेबांसमवेत बौद्ध धम्म स्वीकारला होता. येथेही जुन्या समूहातून बाहेर पडण्याची कृती एका नव्या समूहात प्रवेश करण्याच्या कृतीहून निराळी नव्हती.

वतने गेली, परंतु त्यांची नावे राहिली. पाटील, कुलकर्णी, जोशी, सुतार, लोहार ही आडनावे शाळेच्या पटावर आणि जमिनीच्या उताऱ्यावर स्थिर झाली. नांगराचे आणि हत्याराचे चित्र नाहीसे झाले. तरी समूहाची खूण अक्षररूपाने सहीच्या अखेरीस येऊन बसली. ही सही खेड्यापाड्यांतील प्रौढांच्या हाती आली ती मुख्यतः १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू होऊन १९६१ पासून राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेमुळे. गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई. प्रत्येकाने स्वतःचे नाव स्वतः लिहावे, ही अत्यंत वैयक्तिक सिद्धी. पण तिचा गौरव गावाचा म्हणून झाला. प्रौढ माणसास पाटी हाती घेण्याचा संकोच वाटतो. सारे गावच पाटी घेऊन बसले म्हणजे तो संकोच मावळतो.

समूहाचे दुसरे रूप मात्र कायद्याने सहज आवरता आले नाही. मुंबई राज्याने १९४९ साली समाजबहिष्काराविरुद्ध केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारा नवा कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. ‘वाळीत टाकणे’ हा वाक्प्रचार अद्याप कोशातच नव्हे तर न्यायालयाच्या कामकाजातही जिवंत आहे, ही वस्तुस्थिती समूहाच्या सामर्थ्याची साक्ष देते.

अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झाले. ज्या शिवारात माणसाची ओळख भावकीने आणि बलुत्याने ठरत असे, तेथे आता दूरदूरच्या जिल्ह्यांतील विद्यार्थी हजेरीक्रमांकाने आणि शाखेच्या नावाने ओळखले जातात. हाही एक समूहच. फरक इतकाच, की तो निवडून घेतलेला आहे आणि चार वर्षांनी सोडावयाचा आहे. जन्माने मिळालेले समूह आणि निवडलेले समूह एकाच माणसात एकत्र येतात तेव्हा त्यांच्या अपेक्षा परस्परांशी जुळत नाहीत. त्या न जुळण्यातूनच माणसास स्वतः निर्णय करणे भाग पडते. गेल्या तीन शतकांतील या परिसराचा दाखला पाहता, व्यक्ती समूहाबाहेर उभी राहून घडत नाही. अनेक समूहांच्या छेदबिंदूवर उभी राहून घडते, असा निष्कर्ष निघतो. ज्यास एकच समूह आहे त्याची निशाणी दुसराच कोणी ठरवितो.

१ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला आहे. ज्या मुलखाच्या कागदांवर एके काळी स्त्रीच्या वाट्यास केवळ एक बांगडी आली होती, तेथे तिचे नाव आता अपत्याच्या नावाचा भाग होईल. ही मुले मोठी होऊन सही करू लागतील, तेव्हा तीत त्यांच्या किती समूहांना स्थान मिळते, हे पुढील अभ्यासकास पाहावयास मिळेल.