जव्हारच्या मुकण्यांची निष्ठा

जानेवारी 1664 मध्ये सुरतेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी शिरपामाळावर स्वागत केले आणि त्यांना मानाचा शिरपेच दिला, असे जव्हारची परंपरा सांगते. त्या माळावर आज स्मारक आहे आणि भेटीचा अभिमान साऱ्या तालुक्याला आहे. त्यानंतरच्या आठ वर्षांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. जून 1672 मध्ये महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार घेतले, 17 लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला आणि विक्रमशहा नाशिककडच्या मोगली मुलखात पळाले. यावर ‘फितूर झाला’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. पण मोगली आश्रय हा राज्य गेल्यानंतरचा, आधीचा नव्हे.

मुकण्यांची निष्ठा कशावर टिकत होती, ते त्यांच्याच कालगणनेत दिसते. दिल्लीच्या सुलतानाने राजेपद मान्य केल्याची 5 जून 1343 ही तारीख संस्थानच्या कागदपत्रांत पुढे शतकानुशतके मिरवली गेली. दिल्ली लांब होती. तिला मान द्यायचा आणि डोंगरातला कारभार आपला आपण करायचा, हा व्यवहार स्वस्तात पडत होता. 1664 चे महाराजही वाटेने जाणारे मित्र होते. 1672 पर्यंत चित्र पालटले. कल्याणहून सुरतेला जाणारी जवळची वाट जव्हार आणि त्याच्या शेजारच्या रामनगर संस्थानच्या मुलखातून होती, आणि स्वराज्याला आता ती कायमची हाताखाली हवी होती. पाहुणा म्हणून आलेला घरमालक होऊ लागला, की निष्ठेची किंमत राज्यानेच चुकवावी लागते.

सुरतेवर दाब ठेवायचा तर वाटेवरचे राजे डोईजड ठेवून चालणार नव्हते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे. रामनगर घेताच मोरोपंतांनी सुरतेकडे चौथाई मागितली, यातच मोहिमेचा हेतू उघड होतो. पण म्हणूनच दोष विक्रमशहांच्या स्वभावावर ढकलता येत नाही. शेजारच्या रामनगरच्या सोमशहालाही तेव्हाच गादी सोडून दमणला पोर्तुगिजांकडे जावे लागले, आणि दमणच्या गावांबद्दल पोर्तुगीज त्याला जी चौथाई देत, तिच्यावरही महाराजांनी हक्क सांगितला. दोन वेगळ्या स्वभावांचे दोन राजे एकाच वर्षी एकाच वाटेने फितूर झाले, हे मला तरी पटत नाही.