संगणकाचा ताप

लॅपटॉप मांडीवर घेऊन तासभर काम केले की मांडीला चटका जाणवू लागतो. आतला पंखा घुरघुरतो आणि थोड्या वेळाने यंत्र मंदावते. दुकानदार सुचवतो, 'कूलिंग पॅड घ्या.' पंखे बसवलेली ही चौकट शाळेच्या संगणक कक्षासाठी घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती, असा प्रश्न मग शिक्षकांपुढे येतो. त्याचे उत्तर खोक्यावरच्या जाहिरातीत शोधण्यापेक्षा संगणकाच्या इतिहासात शोधलेले बरे. कारण संगणक जन्मापासूनच तापत आला आहे आणि त्याला थंड ठेवण्याच्या धडपडीतूनच त्याचा आकार व वेग ठरत गेला आहे.

ताप येतो कोठून?

तारेतून विद्युतधारा वाहिली की उष्णता निर्माण होते आणि ती धारेच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हा नियम जेम्स ज्यूल यांनी १८४१ साली मांडला. तो आपण नववी-दहावीत शिकवतो. इस्त्रीत ही उष्णता आपल्याला हवी असते. संगणकात ती नको असते, एवढाच फरक. संगणक वजन उचलत नाही की पाणी उपसत नाही. त्यामुळे तो घेत असलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेतच रूपांतरित होते. ५० वॉट वीज घेणारा लॅपटॉप म्हणजे ५० वॉटची छोटी शेगडीच.

यंत्र अधिक चांगले बनवले तर हा ताप पूर्ण जाईल का? नाही. साठवलेल्या माहितीचा एक बिट पुसायचा तरी काही किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते, असे रॉल्फ लँडॉवर यांनी १९६१ साली दाखवले. ही मर्यादा अतिशय सूक्ष्म आहे आणि आजची यंत्रे तिच्या कितीतरी वर आहेत. परंतु ती शून्य नाही.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवू. उष्णता नष्ट करता येत नाही, ती फक्त दुसरीकडे नेता येते. आणि ती आपणहून गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच जाते. दोहोंच्या तापमानातील फरक जितका मोठा, तितकी वेगाने जाते. ही दुसरी गोष्ट न्यूटन यांनी १७०१ सालीच सांगितली होती. पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

निर्वात नलिकांचे दिवस

१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 'एनिॲक' हा संगणक लोकांपुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. नलिकेतील तंतू तापवल्याशिवाय तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. म्हणजे तापणे हा तिच्या कामाचाच भाग होता. एनिॲकला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. दीड किलोवॉटच्या शंभर शेगड्या एका दालनात पेटवल्या तर जे होईल, तेच तेथे होत होते. म्हणून मोठे झोतपंखे लावून हवा खेळवावी लागे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला संगणक १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. तोही सुमारे २,७०० नलिकांचा होता.

दरम्यान, १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. त्यात तापवायचा तंतूच नव्हता. उष्णतेचा प्रश्न सुटला, असे वाटण्याजोगी ही स्थिती होती. पण घडले वेगळेच. एक ट्रान्झिस्टर कमी तापतो म्हटल्यावर अभियंत्यांनी तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त ट्रान्झिस्टर कोंबले. घटक थंड झाला की त्यांची दाटी वाढवायची आणि ताप पुन्हा पूर्वपदावर आणायचा, हा क्रम पुढेही अनेकदा दिसतो.

पाणी आणि फ्रिऑन

दाटी वाढली तशी हवा अपुरी पडू लागली. सारख्याच आकारमानाची हवा आणि पाणी घेतले, तर एक अंशाने तापताना पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता घेते. म्हणून मोठ्या संगणकांत पाण्याचे नळ आले. १९८० साली आयबीएमने ३०८१ हा संगणक जाहीर केला. त्यात प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या बसवून त्यातून उष्णता थंड पाण्यापर्यंत नेली होती. मधल्या फटींत हवेऐवजी हेलियम भरला होता, कारण हेलियम हवेच्या सुमारे सहापट चांगला उष्णतावाहक आहे.

सेमूर क्रे यांचा क्रे-१ हा महासंगणक १९७६ साली लॉस अ‍ॅलामॉस येथे बसवला गेला. त्याला सुमारे ११५ किलोवॉट वीज लागे. त्याच्या खांबांमधून शीतकपाटातल्यासारखा फ्रिऑन फिरत असे. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्व मंडले वीज न वाहणाऱ्या एका द्रवात बुडवूनच ठेवली होती.

पुढे १९९० च्या दशकात मोठ्या संगणकांत सीमॉस जातीचे ट्रान्झिस्टर आले. ते मुख्यतः स्थिती बदलतानाच वीज घेत. पाण्याचे नळ निघाले आणि पंखे पुरेसे झाले. परंतु दाटी वाढतच राहिली आणि २००८ साली आयबीएमने पॉवर ५७५ या यंत्रात पाणी पुन्हा आणले.

नखाएवढी शेगडी

हीच गोष्ट लहान संगणकातही घडली. इंटेलच्या १९७१ सालच्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर लहान करताना विभवांतरही त्याच प्रमाणात कमी केले, तर तेवढ्याच क्षेत्रफळावर निर्माण होणारी उष्णता वाढत नाही, असे रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडले. व्यवहारात विभवांतर तितके झपाट्याने उतरले नाही आणि वेग मात्र वाढत गेला. १९८५ सालची ८०३८६ ही चिप सहसा पंख्याविना चाले. १९९३ च्या पेंटियमला मात्र अ‍ॅल्युमिनिअमच्या पात्यांचा ठोकळा आणि पंखा लागला.

ही वाढ अशीच चालू राहिली तर चिपच्या दर चौरस सेंटिमीटरमधून निघणारी उष्णता अणुभट्टीशी बरोबरी करेल, असा इशारा इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१ साली दिला. विभवांतर आणखी उतरवले तर बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही धारा झिरपू लागे. अखेर २००४ साली इंटेलने पेंटियम ४ च्या नियोजित वारसदाराचे काम थांबवले आणि एकाच चिपवर दोन गाभे बसवण्याचा मार्ग धरला. आज आपल्या संगणकात चार किंवा आठ गाभे असतात, त्यामागचे एक मोठे कारण उष्णता हे आहे.

संगणक मांडीवर येतो

१९८२ साली आलेला ग्रिड कंपास हा आजच्या लॅपटॉपचा पूर्वज. त्याची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती आणि तीच आतली उष्णता बाहेर पसरवी. पुढे हा संगणक अमेरिकेच्या अंतराळयानात नेला, तेव्हा त्याला पंखा बसवावा लागला. पृथ्वीवर गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. वजनरहित अवस्थेत 'हलके' आणि 'जड' हा भेदच राहत नाही. गरम हवा पेटीभोवतीच साचून राहते. अभिसरणाला गुरुत्वाकर्षण लागते, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आजच्या लॅपटॉपमध्ये चिपवरून एक चपटी तांब्याची नळी निघते. तिला हीट पाइप म्हणतात. लॉस अ‍ॅलामॉसमधील जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अंतराळातील उपयोगासाठी ती विकसित केली. नळीत थोडे द्रव असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती सुप्त उष्मा सोडून पुन्हा द्रव बनते आणि कंदिलाच्या वातीत तेल चढते तसे ते द्रव नळीच्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. थंड टोकाला बारीक पाती आणि पंखा असतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा पंखा तळाच्या झरोक्यांतून हवा ओढतो आणि मागून किंवा बाजूने बाहेर टाकतो.

लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवला की हे झरोके बुजतात. चिपचे तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत चढले की ती स्वतःच आपला वेग कमी करते. 'संगणक जुना झाला' म्हणून आपण जे दुखणे मानतो, ते पुष्कळदा हेच असते. मांडीवर तर उष्णता शरीरालाच मिळते. काश्मीरमध्ये कांगडी दीर्घकाळ अंगाशी धरणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात. तसाच डाग लॅपटॉपमुळे बारा वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर पडल्याची नोंद स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केली.

मग पॅड कोणते?

प्रथम लॅपटॉप बंद करून उलटा करा आणि हवा आत घेणारे झरोके पाहा. पॅडचा पंखा त्यांच्या खालीच आला पाहिजे. झरोके डावीकडे आणि पंखा मधोमध असेल, तर पंख्यांची संख्या कितीही असो, उपयोग थोडाच. ज्या लॅपटॉपमध्ये पंखा व झरोकेच नसतात, तेथे हवा केवळ तळाच्या पत्र्यावरून जाते आणि फायदा मर्यादित राहतो.

दुसरे, आतला पंखा खालून हवा ओढत असेल तर पॅडने हवा वर फेकली पाहिजे. काही पॅड हवा खाली ओढतात. मग दोन पंख्यांची रस्सीखेच होते. तिसरे, अनेक छोट्या पंख्यांपेक्षा एक मोठा, संथ पंखा तेवढीच हवा कमी आवाजात देतो. वर्गात आवाजाचा विचार करायलाच हवा. चौथे, पॅडला वीज लॅपटॉपच्याच यूएसबी खाचेतून मिळते. यूएसबी २.० नुसार तिची मर्यादा ५ व्होल्ट आणि ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. एवढ्या विजेत शीतकपाट चालत नाही.

म्हणूनच पॅड लॅपटॉपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. चिप १०० अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७५ अंशांचा; विदर्भातल्या मे महिन्यात खोली ४५ अंशांवर गेली तर फरक ५५ अंशांचा. तेवढ्याच हवेने वाहून नेलेली उष्णता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. चांगले पॅडही ही घट टाळू शकत नाही. अशा वेळी खोलीतली हवा बदलती ठेवणे जास्त मोलाचे.

वर्गात करून पाहा

एकच लॅपटॉप घ्या. त्यावर एकच चित्रफीत दर वेळी वीस मिनिटे चालवा: एकदा टेबलावर, एकदा मागच्या कडेखाली दोन अंगुळे उंचीच्या लाकडी पट्ट्या ठेवून आणि मिळाल्यास एकदा पॅडवर. दोन प्रयोगांच्या मध्ये यंत्र निवू द्या. चिपचे तापमान दाखवणारी मोफत संगणकप्रणाली मिळते, ती वापरा. शिवाय बाहेर पडणाऱ्या हवेचे आणि खोलीचे तापमान तापमापीने मोजा. नोंद करताना नुसते तापमान लिहू नका, खोलीशी असलेला फरक लिहा. मग विद्यार्थ्यांना विचारा: बाहेरची हवा जास्त गरम लागली, तर थंडावा चांगला मिळतो आहे की वाईट? एवढ्यावरून उत्तर देता येत नाही. बाहेर किती हवा पडते तेही पाहावे लागते, हे त्यांच्या चर्चेतूनच निघू द्या.

लाकडी पट्ट्यांनी आणि झरोक्यांतील धूळ काढल्याने चिप पुरेशी निवत असेल, तर पॅडचे पैसे वाचवा आणि शाळेसाठी चार चांगल्या तापमापी घ्या. नसेल, तर मोजलेले आकडे घेऊन दुकानात जा.