चांद्याचं लोखंड आणि साकचीचे फिटर

सुरजागडचा विषय निघाला की लोकांना वाटतं, आपल्या भागातल्या लोखंडाचा शोध कालपरवाच लागला. ही गोष्ट जुनी आहे. 1882 साली जमशेटजी टाटांच्या हाती एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल पडला. चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याला उत्तम लोखंड आहे आणि वरोऱ्याला कोळसा, असं त्यात लिहिलेलं. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल 1877 पासून चालूच होती. पण वरोऱ्याचा कोळसा लोखंड वितळवण्याच्या कामाचा निघाला नाही, खाणींचे सरकारी नियमही जाचक होते. विषय मागे पडला. कर्झनच्या काळात, 1899 ला, नियम सैल झाले तेव्हा पुन्हा हालचाल सुरू झाली. 1904 च्या सुमारास दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड चांद्याच्या जंगलात फिरले. खनिज चांगलं, पण मोठ्या कारखान्याला पुरणारं नाही, असा निष्कर्ष निघाला. दोराबजी काम गुंडाळतो आहोत हे सांगायला नागपूरला गेले आणि तिथल्या संग्रहालयात त्यांना दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाचा नकाशा दिसला. तिथून पुढे मयूरभंज, मग साकची, म्हणजे आजचं जमशेदपूर. 1912 मध्ये तिथे पोलाद निघालं.

टाटांच्या कारखान्याचा मान चांद्याला मिळाला असता तर, हा विचार मनात येतोच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पोलादानंतर घडलेलं. भट्ट्या चालवायला सुरुवातीला अमेरिकन आणि युरोपियन माणसं होती, मोठ्या पगारावर. त्यांची जागा कायम त्यांच्याकडेच ठेवायची नसेल तर आपली माणसं तयार करावी लागणार होती. म्हणून 1921 मध्ये जमशेदपूर टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. वर्गात शिकणं आणि कारखान्यात हात काळे करणं, दोन्ही सोबत. लोखंड सापडल्याने गावाचा कारागीर आपोआप तयार झाला नाही. त्यासाठी शाळा काढावी लागली, आणि ती शाळा कारखान्यातल्या बढतीला जोडलेली होती.

आपल्याकडे शिकण्याची रीत वेगळी. उस्ताद आणि शागिर्द. आमच्या मोहल्ल्यांत वेल्डिंगचं, गॅरेजचं, खरादाचं काम असंच पिढ्यान्‌पिढ्या शिकलं गेलं. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, अर्थ उस्तादच. हुनर पक्का, फक्त कागद नाही. मोठ्या कारखान्याच्या गेटवर मात्र आधी कागद विचारतात. मुंबईत साबू सिद्दीक संस्थेने 1936 पासून हाच कागद गरीब मुलांच्या हाती देण्याचं काम केलं. जंगलातल्या पोरांना मुंबई तेव्हाही लांब होती, आजही आहे.

सरकारने 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणली, तिच्यातून आयटीआय आल्या. 1961 मध्ये अप्रेंटिस कायदा झाला. कायदा चांगला आहे. शिकताना विद्यावेतन मिळतं आणि खऱ्या यंत्रावर हात बसतो. आणखी एक वाट पालकांना बहुधा माहीत नसते: दोन वर्षांची आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. फिटरपासून डिप्लोमा, तिथून सुपरवायझर. शिडी आहे, खालच्या दोन पायऱ्यांशीच गाडी अडते.

त्या पायऱ्या म्हणजे गणित आणि भाषा. एटापल्ली तालुक्यात घरी माडिया, शाळेत मराठी आणि मशीनवरच्या सूचना इंग्रजीत. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायचा तर आधी दशांश समजायला हवेत, आणि ते पाचवी-सहावीतच समजतात किंवा मग कधीच नाहीत. ड्रॉइंग वाचता न येणारा मुलगा ट्रेडला बसतो, पण टिकत नाही.

खनिज एटापल्लीतून निघतं, स्पंज आयर्न चामोर्शी तालुक्यात कोनसरीला बनतं. नोकरीत ‘स्थानिकांना प्राधान्य’ ही घोषणा सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यात चौकीदार, हेल्पर, ड्रायव्हर किती आणि फिटर, इलेक्ट्रिशियन, ऑपरेटर किती, हे ग्रामसभेने दरवर्षी वेगवेगळं मागावं. हेल्पर म्हणून लागलेल्या पोराला पाच वर्षांनी कुठला ट्रेड शिकवला, हेही त्याच कागदावर असावं.