‘अर्धसत्या’चे मालाडी कुळ

‘अर्धसत्य’ १९८३ साली प्रदर्शित झाला तेव्हापासून त्याच्या श्रेयाची वाटणी ठरून गेलेली आहे : कथा श्री. दा. पानवलकरांची, आणि तिचे मूळ नाव ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची. हिंदी संवाद वसंत देवांचे. कविता दिलीप चित्र्यांची. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर ओम पुरींचा आणि रामा शेट्टी सदाशिव अमरापूरकरांचा. या वाटणीत तक्रारीला जागा नाही. परंतु दिग्दर्शन आणि छायाचित्रण या दोन्ही कलमांपुढे ज्यांचे नाव लागते त्या गोविंद निहलानींच्या गुरूचा, त्या गुरूला ज्याने हाताशी धरले त्याचा, आणि त्याच्याही उस्तादाचा माग काढीत मी मागे मागे गेलो, तेव्हा हे कुळ अखेर ज्या मुक्कामी जाऊन पोचले तो मालाड निघाला. आणि मुंबईच्या गुन्हेगारीपटातला काळोख हा हॉलिवुडहून आयात झालेला माल आहे, ही जी समजूत आपण बिनतक्रार पत्करलेली आहे, तिची फेरतपासणी करणे मला भाग पडले.

वंशावळ सांगायला सोपी आहे. १९४० साली कराचीत जन्मलेले निहलानी बंगळुरूच्या पॉलिटेक्निकमध्ये छायाचित्रण शिकून मुंबईस आले आणि व्ही. के. मूर्तींचे सहायक झाले. मूर्ती हे गुरुदत्तांचे छायालेखक. गुरुदत्त स्वतः दिग्दर्शक होण्यापूर्वी पुण्यास ‘प्रभात’मध्ये नृत्यदिग्दर्शन करीत होते, विश्राम बेडेकरांच्या ‘लाखाराणी’त त्यांनी लहानसे कामही केले होते, पण मुंबईस आल्यावर ज्यांच्या हाताखाली ते ‘संग्राम’ (१९५०) या चित्रासाठी राबले ते ज्ञान मुखर्जी, म्हणजे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९४३ साली ‘किस्मत’ काढणारे गृहस्थ. पुढे ‘प्यासा’ गुरुदत्तांनी याच मुखर्जींच्या स्मृतीस अर्पण केला. एवढे ऋण माणूस उगीच मान्य करीत नाही.

बॉम्बे टॉकीजचा इतिहास सर्वश्रुत असल्यामुळे त्यावर शाई खर्चीत नाही : हिमांशू राय आणि देविका राणी, १९३४ साल, आणि म्युनिकहून आलेले दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायालेखक योझेफ विर्शिंग. मात्र एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ‘अछूत कन्या’च्या पुण्याईवर जगणाऱ्या या कंपनीचे अगदी पहिले बोलपट-अपत्य ‘जवानी की हवा’ (१९३५) हे खुनाचे कथानक होते, आणि त्याचा बराचसा भाग धावत्या आगगाडीत घडत होता. रेल्वे फाटकापाशी बळी जाणाऱ्या अस्पृश्य कन्येचा करुणरस हा नंतरचा. त्या जर्मन कॅमेऱ्याने मालाडमध्ये प्रथम डब्यातला अंधार टिपला तो गुन्ह्याचा होता.

‘किस्मत’मध्ये हा गुन्हा खलनायकाच्या घरून उठून नायकाच्या घरी राहायला आला. अशोककुमारांसारखा सभ्य, घरंदाज चेहऱ्याचा नट तुरुंगातून सुटून बाहेर येतो, बोटांत सिगारेट धरून लोकांचे खिसे कापतो, आणि प्रेक्षक त्याच्यावर रागावण्याऐवजी जीव लावतो, हे त्या काळी अनेकांना मानवले नाही. ‘फिल्मइंडिया’च्या बाबूराव पटेलांनी गुन्ह्याला गोंडस रूप दिल्याबद्दल कोरडे ओढले, आणि त्याच वेळी कलकत्त्याच्या रॉक्सीत चित्रपटाने तीन वर्षांहून अधिक मुक्काम ठोकला. नायकाच्या बालपणीच्या भूमिकेत जो मुलगा दिसतो तो मेहमूद, बॉम्बे टॉकीजचे नर्तक मुमताज अली यांचा मुलगा. तेरा वर्षांनी, १९५६ साली, गुरुदत्तांनी निर्मिलेल्या आणि राज खोसलांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सी.आय.डी.’मध्ये तोच मेहमूद सुरा चालवणारा मारेकरी होऊन येतो, आणि त्याच्यावर प्रकाश टाकणारा कॅमेरा मूर्तींचा असतो. विनोदी नट म्हणून गाजण्यापूर्वी या माणसाने मुंबईच्या गुन्हेगारीपटाची दोन्ही टोके आपल्या अंगावर वागवली, याची नोंद त्याच्या चाहत्यांनीही नीटशी घेतलेली नाही.

आता अडचणीची बाब. १९३९ साली महायुद्ध पेटताच सरकारने मालाडच्या जर्मनांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकले, त्यामुळे ‘किस्मत’चे छायाचित्रण विर्शिंगच्या हातचे नाही, ते आर. डी. परींजांचे आहे. माझ्या कुळकथेत येथे एक कडी निखळते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या संस्थेत पाच वर्षे एकाच माणसाने दिवे कोठे लावायचे हे ठरवले, तेथील हमालापासून प्रयोगशाळेतील कारकुनापर्यंत सर्वांच्या अंगवळणी ती पद्धत पडलेली असणार, आणि गुरू कैदेत गेला म्हणून त्याची वहिवाट एका रात्रीत मोडत नाही. शिवाय विर्शिंग सुटून परत आला तो मालाडलाच : १९४९चा ‘महल’ त्याचाच, आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच संस्थेच्या ‘संग्राम’वर पंचविशीतले गुरुदत्त सहायक म्हणून उभे होते. ‘महल’मधील जिन्याचे, झुंबराचे, अर्ध्या चेहऱ्याचे ते प्रकाशप्रयोग त्यांच्या नजरेखालून गेले नसतील, हे मानणे मला अधिक अवघड वाटते.

प्रतिपक्ष मात्र दुबळा नाही. त्याचा पहिला साक्षीदार ‘बाजी’ (१९५१). बलराज सहानींनी लिहिलेल्या आणि गुरुदत्तांनी प्रथमच दिग्दर्शित केलेल्या या चित्रात जुगाराचा अड्डा, त्यावरील गाणारी स्त्री आणि पडद्याआडचा मालक हे सारे १९४६च्या अमेरिकन ‘गिल्डा’ची आठवण करून देते, आणि ही उसनवार कोणी नाकारीत नाही. पण ‘गिल्डा’चा कॅमेरा कोणाचा? रुडॉल्फ माटे यांचा. आणि हे माटे (आपल्या माट्यांशी यांचा काही संबंध नाही) क्राकोव्हात जन्मलेले, कार्ल ड्रायरसाठी ‘जोन ऑफ आर्क’ आणि ‘व्हॅम्पायर’ टिपून मग अमेरिकेत गेलेले. म्हणजे ज्या मध्य युरोपातील छायाप्रकाशाची एक शाखा म्युनिकमार्गे मालाडला आली, तिचीच दुसरी शाखा हॉलिवुडला वळसा घालून ‘बाजी’त उतरली. मूळ पुरुष एक असताना भाऊबंदकी करून काय साधणार? वारसा जवळचा कोण, एवढाच प्रश्न उरतो. आणि जो दिग्दर्शक थिएटरात बसून ‘गिल्डा’ पाहतो त्याच्यापेक्षा जो सेटवर उभा राहून दिव्यांची हलवाहलव पाहतो त्याच्यावर संस्कार खोल होतो, हे माझे मत मी सोडणार नाही.

दुसरी हरकत याहून बळकट आहे. मूर्ती मालाडच्या तालमीत वाढलेले नव्हेत. ते फली मिस्त्रींच्या हाताखाली शिकले आणि ‘बाजी’वर व्ही. रात्रांचे सहायक होते. तेथे आरशाचा एक अवघड शॉट त्यांनी सुचवला, तो त्यांच्याकडूनच घेववला गेला, आणि त्याच क्षणी गुरुदत्तांनी आपल्या पुढील चित्रांचा छायालेखक मुक्रर केला. ‘जाल’पासून (१९५२) ती जोडी जमली. आरसा हे मूर्तींचे खास हत्यार. ‘कागज के फूल’मध्ये ओसाड स्टुडिओत वरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत दिव्याचा नाही : बाहेर आरसा ठेवून त्यावर ऊन घेतले, ते आत दुसऱ्या आरशावर पाडले, आणि तेथून खाली सोडले, सूर्य सरकेल तसा आरसाही सरकवीत राहावे लागणार, हे ओघानेच आले. ही कल्पकता कोणा जर्मनाने शिकवली असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, मूर्तींचा हात मिस्त्रींकडचा असला तरी त्या हाताकडून काय मागायचे हे ठरवणारा डोळा गुरुदत्तांचा होता, आणि तो डोळा मालाडला तयार झाला. शास्त्रकारांनी क्षेत्र आणि बीज यांचा जो भेद केला आहे तो येथे लागू पडावा.

‘संग्राम’विषयी आणखी एक गोष्ट, आणि माझ्या लेखी ती दिव्यांपेक्षा महत्त्वाची. नलिनी जयवंत आणि अशोककुमार यांच्या या चित्राचा गाभा म्हणजे पोलिसाच्या घरात वाया गेलेला मुलगा. ‘शक्ती’ने (१९८२) हेच घर पुन्हा बांधले, त्याची वाच्यता पुष्कळ झाली. परंतु वर्षभराने आलेल्या ‘अर्धसत्या’तही तेच घर आहे, फक्त तेथे हवालदार बाप क्रूर आहे, मुलगा त्याच्याच हट्टापायी खाकी वर्दीत शिरलेला आहे, आणि अखेर रामा शेट्टीचा गळा आवळून जो आपल्याच ठाण्यात हजर होतो तो गुन्हेगारही आहे आणि पोलीसही. ज्ञान मुखर्जींनी जी भूमिका बापलेकांत वाटून दिली होती ती तेंडुलकरांनी एकाच देहात कोंबली. तेंडुलकरांनी ‘संग्राम’ समोर ठेवून हे केले असे नव्हे. पानवलकरांच्या कथेचा स्वतंत्र मार्ग होता. पण कुळातले नाक-डोळे कधी कधी दत्तक घराण्यातही उमटतात.

निहलानींचे मातुल घराणे मात्र मराठी रंगभूमीचे. तेंडुलकरांच्याच ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वरून सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली काढलेला चित्रपट हे त्यांचे छायालेखक म्हणून पहिले मोठे काम. त्या चित्रात अमरीश पुरी होते, आणि तेच बारा वर्षांनी वेलणकरचा बाप झाले. अहमदनगरचे अमरापूरकर निहलानींना सापडले ते ‘हॅण्ड्स अप’ या मराठी नाटकात. हिंदी पडद्यावरील गुंडाने डोळे वटारावेत, दात विचकावेत अशी रूढी असताना हा रामा शेट्टी आवाज न चढवता बोलतो आणि समोरच्या फौजदाराला जणू दारी आलेला अर्जदार समजतो. ही मुंबईच्या नगरसेवकी राजकारणाची नस होती. ‘गिल्डा’त ती कोठून असणार?

‘अर्धसत्या’नंतर हा वारसा कोणी चालवला याबद्दल लोक सरळ रामगोपाल वर्मांच्या ‘सत्या’कडे (१९९८) बोट दाखवतात. नावातील साधर्म्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. पण ‘सत्या’च्या छायाचित्रणात पहिले नाव जेरार्ड हूपर या अमेरिकनाचे असून उरलेले काम मझहर कामरान यांनी पूर्ण केले, तेव्हा ती शाखा मूर्तींच्या घरची धरायची, की १९३४ सालाप्रमाणे पुन्हा एकदा परका कॅमेरावाला मुंबईत उतरून नवे कूळ लावून गेला असे म्हणायचे, हा तंटा निकाली निघेपर्यंत मी ‘सत्या’चे नाव या वंशावळीत पेन्सिलीनेच लिहून ठेवले आहे.