पापकबुली, स्वप्न आणि खटला : भामरागडच्या सीमेवरील आत्मशोधाचा इतिहास

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले भामरागड आज गडचिरोली जिल्ह्यात मोडते. 26 ऑगस्ट 1982 रोजी हा जिल्हा वेगळा होण्यापूर्वी तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याचा भाग होता आणि ब्रिटिश अमदानीत हे अरण्य अहेरीच्या विस्तीर्ण जमीनदारीत होते. नदीपलीकडे बस्तरचे संस्थान आणि त्यातील अबुझमाडचा डोंगराळ प्रदेश होता. माडिया गोंडांची वस्ती दोन्ही तीरांवर होती, नातीगोतीही दोन्हीकडे जोडलेली होती. पण नदीची एक बाजू ब्रिटिश जिल्ह्यात आणि दुसरी संस्थानात असल्यामुळे या लोकांविषयीच्या लेखनाचे वाटप फार विषम झाले. बस्तरच्या दरबारात गोऱ्या प्रशासकांना आणि संशोधकांना मुक्तद्वार होते, म्हणून माडियांवरचे गाजलेले ग्रंथ पलीकडच्या तीराविषयी लिहिले गेले आणि भामरागडचा माणूस बहुधा त्यांच्या आधारानेच ओळखला गेला. त्या ग्रंथांमागे आणखी एक, सहसा न सांगितला जाणारा धागा आहे. मध्य भारताच्या अरण्यात माणसाच्या ‘स्व’चा, म्हणजे त्याच्या अंतर्मनाचा, अपराधभावनेचा आणि स्वप्नांचा अभ्यास मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलेला नाही, तो ख्रिस्ती प्रार्थनागृहातून आला, आणि त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा मराठी ख्रिस्ती परंपरेचा होता.

या प्रदेशातील आरंभीचे मिशनरी माणसाच्या अंतरंगाकडे वळलेले दिसत नाहीत. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरास आले. शाळा, प्रवचने आणि भूगर्भशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत ते रमले. शिरोंच्याजवळच्या कोटा येथील जीवाश्मांचा अभ्यासही त्यांच्या नावावर आहे. गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याचे दीर्घ गीत त्यांनी टिपून ठेवले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या टिपणांत भाषा आहे, देवदेवता आहेत, विवाहविधी आहेत. पण गोंड माणूस स्वतःला काय समजतो, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. चांद्यातील स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या मिशनविषयी अलेक्स वुड यांनी 1906 मध्ये लिहिलेले पुस्तक किंवा दक्षिणेकडे शिरोंचा येथे चाललेले अमेरिकन मेथडिस्ट मिशनचे कार्य यांची दृष्टीही शाळा, दवाखाना आणि उपासना यांच्यापलीकडे फारशी जात नाही. माडियांमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार अत्यल्पच झाला. वुड यांचे नाव मात्र पुढे पुन्हा येणार आहे.

आत्मपरीक्षणाची ख्रिस्ती शिस्त मराठीत आली ती वेगळ्या मार्गाने. ख्रिस्ती धर्मात, विशेषतः त्याच्या प्रॉटेस्टंट शाखेत, धर्मांतराच्या विधीपेक्षा अंतःकरणातील उलथापालथीला अधिक महत्त्व दिले गेले. त्यामुळे धर्मांतरिताला आपल्या मनाचा इतिहास सांगावा लागे. 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र 1888 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते, यात आश्चर्य नाही. शंका, भीती, लोकलज्जा आणि अखेरचा निर्णय असा मनाचा क्रमवार हिशेब मांडण्याची गरज त्या काळी ज्यांना सर्वाधिक भासली, त्यांत नवख्रिस्ती लेखक अग्रभागी होते. 1902 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी धार्मिक अनुभवांच्या प्रकारांवर जो ग्रंथ लिहिला, त्याची सामग्रीही बरीचशी अशाच आत्मकथनांची होती. दुभंगलेले मन एकसंध होण्याची प्रक्रिया म्हणून जेम्स यांनी धर्मांतराकडे पाहिले. त्या अर्थाने मराठी धर्मांतरितांची आत्मकथने ही मानसशास्त्राची न वापरलेली साधने म्हणता येतील.

मराठी कवी नारायण वामन टिळक यांचे उदाहरण भौगोलिकदृष्ट्याही या अरण्याच्या जवळचे आहे. नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे नोकरीसाठी जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचावयास दिला आणि दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीतही केले. त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या घटनेची दुसरी बाजू त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. एका माणसाच्या अंतःकरणात घडलेल्या पालटाची किंमत पत्नीने, माहेराने आणि जातीने कशी चुकती केली, हे तेथे विनोदाच्या आडून कळते. माणसाचा ‘स्व’ त्याच्या एकट्याच्या मालकीचा असतो की नात्यांत वाटलेला असतो, हा पुढे माडियांच्या संदर्भात निघणारा प्रश्न लक्ष्मीबाईंनी कोणतेही शास्त्र न वापरता आधीच मांडून ठेवला होता, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ ही चर्चच्या चौकटीबाहेरची, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्व ख्रिस्तभक्तांना सामावून घेणारी बंधुसंस्था स्थापिली. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले, पण त्या कल्पनेचा प्रभाव जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूवर पडला. विन्स्लो यांनी टिळकांचे चरित्र लिहिले आणि 1922 मध्ये अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम सुरू केला. काही वर्षांनी संघाचे केंद्र पुण्यास आले. खादी, शाकाहार, जमिनीवर बसून उपासना आणि ठरलेल्या वेळी मौन असा तेथील दिनक्रम होता. या संघात 1927 च्या अखेरीस ऑक्सफर्डचा एक तरुण धर्मगुरू दाखल झाला. त्याचे नाव वेरियर एल्विन.

29 ऑगस्ट 1902 रोजी जन्मलेल्या एल्विन यांचे वडील सिएरा लिओनचे बिशप होते आणि घरातील वातावरण कट्टर धर्मनिष्ठ होते. पाप आणि तारण हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. पुण्यात आल्यावर त्यांचा कल ख्रिस्ती गूढवादाकडे, म्हणजे ईश्वराशी थेट ऐक्य साधू पाहणाऱ्या साधनामार्गाकडे गेला. 1930 मध्ये त्यांनी दोन लहान पुस्तके लिहिली. एकात चौदाव्या शतकातील इंग्लिश एकांतवासी रिचर्ड रोल यांची ओळख ‘ख्रिस्ती संन्यासी’ म्हणून करून दिली होती, तर दुसऱ्यात त्याच शतकातील एका अज्ञात लेखकाच्या प्रार्थनाग्रंथाचा विचार ‘ख्रिस्ती ध्यान’ या दृष्टीने केला होता. या दुसऱ्या ग्रंथाची शिकवण अशी की, साधकाने जगाच्या सर्व वस्तूंबरोबर शेवटी स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही विस्मृतीच्या ढगाखाली लोटावी. एल्विन यांच्या पुढील शास्त्रीय लेखनात या साधनेचा उल्लेख क्वचितच येतो; तथापि दुसऱ्याचे आतले बोलणे न अडवता, न रागावता, तासन्‌तास ऐकून घेण्याची त्यांची हातोटी विद्यापीठात मिळालेली नव्हती. मानवशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधी घेतलेच नाही.

गांधीजींच्या चळवळीकडे ओढले गेल्यावर एल्विन संघातून बाहेर पडले आणि जमनालाल बजाज यांच्या सल्ल्याने गोंडांकडे वळले. 1932 च्या जानेवारीअखेर ते शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे पोहोचले. त्या वेळी नागपूरचे बिशप होते पूर्वीचे चांद्याचे मिशनरी अलेक्स वुड. सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतल्याखेरीज धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना देण्यास त्यांनी नकार दिला, आणि अशी शपथ घेणे एल्विन यांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटेना. चांद्याच्या अरण्यात आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या मिशनऱ्याने नकळत एका धर्मगुरूला मानवशास्त्राकडे ढकलले, असा या प्रसंगाचा अर्थ लावता येतो. 1935 च्या अखेरीस एल्विन यांनी चर्चशी असलेला संबंध तोडला. शामराव मात्र आयुष्यभराचे सोबती राहिले. नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधान जमातीवर त्यांनी 1946 मध्ये लिहिलेला ग्रंथ अधिक वाचला जावयास हवा होता.

चर्च सोडल्यानंतर दोनच वर्षांनी, 1937 मध्ये, एल्विन यांचा बैगा जमातीच्या स्वप्नविषयक समजुती आणि स्वप्नांतील प्रतीके यांवरील निबंध ब्रिटनमधील वैद्यकीय मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. त्या काळी फ्रॉइड यांच्या मनोविश्लेषणाचा, म्हणजे दडपलेल्या इच्छा अबोध मनात राहून स्वप्नांत वेषांतराने प्रकट होतात या सिद्धांताचा, मोठा बोलबाला होता आणि ही प्रतीके सर्व मानवजातीत सारखीच असतात काय, हे तपासण्यासाठी सी. जी. सेलिग्मन यांच्यासारखे मानवशास्त्रज्ञ दूरदेशीच्या स्वप्नांचा संग्रह व्हावा असा आग्रह धरीत होते. बैगांकडे मात्र स्वप्नांचा अर्थ सांगणारा स्वतःचा जाणता होता. मध्य भारतातील अनेक जमातींत स्वप्न ही झोपलेल्या माणसाच्या मनातील घडामोड नसते. देव किंवा मृत पूर्वज यांचा तो निरोप असतो, आणि त्याचा अर्थ गावाचा जाणता सांगतो. फ्रॉइड यांचा प्रश्न ‘स्वप्न कोणती इच्छा लपवते’ असा होता, तर जाणत्याचा प्रश्न ‘आता काय केले पाहिजे’ असा असे.

माडियांच्या बाबतीत हा भेद अधिक स्पष्ट होतो. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन 1927 ते 1931 या काळात बस्तरचे प्रशासक होते आणि त्यांचा बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथ 1938 मध्ये निघाला. त्यातून आणि पुढील लेखनातून जे चित्र उभे राहते, त्यात माडिया माणूस प्रथम कुळाचा असतो. कुळे देवांच्या संख्येवरून चार, पाच, सहा, सात देवे अशा गटांत विभागलेली; एकाच गटात लग्न निषिद्ध. मृत्यूनंतर माणूस हानाल, म्हणजे पूर्वजांचा आत्मा, होऊन कुळातच राहतो, त्याच्या नावे शिळा उभी केली जाते आणि तो रुसला तर रोगराई येते. गोटुलात, म्हणजे युवागृहात, मुले-मुली घराबाहेर सामूहिक वळण घेतात. पेरमा, म्हणजे गावाचा धार्मिक प्रमुख, आणि वड्डे, म्हणजे मांत्रिक, आजाराचे कारण रुग्णाच्या मनात शोधीत नाहीत; कोणता पेन, म्हणजे देव, दुखावला, कोणाचा मान द्यायचा राहिला, हे पाहतात. चूक झाली तर ती बळी देऊन आणि गावजेवण घालून फेडता येते, आणि फेडली की संपते. एकांतात स्वतःला दोषी ठरवीत राहण्याची ख्रिस्ती पद्धत या व्यवस्थेत कोठे बसवावी, हे कळणे कठीणच आहे.

या पार्श्वभूमीवर एल्विन यांनी 1943 मध्ये प्रसिद्ध केलेला माडियांमधील खून आणि आत्महत्या या विषयावरील ग्रंथ वाचावा लागतो. दक्षिण बस्तरातील दंडामी माडियांमध्ये, म्हणजे नृत्यात गव्याच्या शिंगांचा मुकुट घालणाऱ्या गटात, खुनांचे प्रमाण विलक्षण होते. शेजारच्या मुरिया गोंडांत ते पुष्कळ कमी होते. एल्विन यांनी खुनाची शंभर आणि आत्महत्येची पन्नास प्रकरणे तपासली. जादूटोण्याचा संशय, मत्सर, दारू, वाटणीची भांडणे ही अपेक्षित कारणे त्यांत आहेत. पण लक्ष वेधते ते थकवा हे कारण. दिवसभराच्या कष्टानंतर भुकेल्या, दमलेल्या माणसाला क्षुल्लक बोलणे असह्य होते आणि हातातली कुऱ्हाड चालते, ही नोंद वकिलाची नव्हे आणि पोलिसाचीही नव्हे. तीत पापी माणसाला सैतान म्हणून न पाहता त्याच्या दुर्बलतेच्या क्षणापर्यंत मागे जाणाऱ्या धर्मगुरूची सवय दिसते. चर्च सोडलेल्या एल्विन यांनी पापकबुली ऐकणे सोडले नव्हते. क्षमा देण्याचा अधिकार मात्र त्यांनी सोडला होता, आणि त्यामुळेच बहुधा त्यांची प्रकरणे इतकी स्पष्ट उतरली.

तरीही या ग्रंथाची एक मर्यादा उघड आहे. त्यातील माणूस न्यायालयाच्या दारातून आलेला आहे. न्यायालय एका आरोपीला उभे करते, त्याचा हेतू विचारते आणि त्या हेतूनुसार शिक्षा ठरवते. ख्रिस्ती पापविचार आणि आधुनिक मानसशास्त्र या दोघांप्रमाणे तेही कर्त्याला एकटा, अविभाज्य आणि स्वतःच्या कृत्याला जबाबदार मानते. जादूटोणा करून कुळाचा नाश करणाऱ्याला आपण मारले, असे सांगणारा माडिया त्या चौकटीत एकतर खुनी ठरतो किंवा अज्ञानी. एल्विन यांना ही अडचण जाणवली होती. शिक्षेचा आणि तुरुंगाचा विचार त्यांनी आदिवासींच्या दृष्टीने केला, पण प्रश्नाची मूळ चौकट बदलली नाही.

त्याच 1943 मध्ये मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना वेगळे ठेवण्याच्या एल्विन यांच्या धोरणावर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले. तो वाद धोरणाचा होता आणि ‘स्व’च्या प्रश्नाला त्याने फारसा स्पर्श केला नाही. अधिक लक्षणीय तुलना स्टीफन फुक्स यांच्याशी होते. हे ऑस्ट्रियन कॅथलिक धर्मगुरू मुंबईत भारतीय संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था चालवीत, पूर्व मंडल्यातील गोंड आणि भूमियांवर त्यांनी 1960 मध्ये ग्रंथ लिहिला, आणि 1965 च्या ग्रंथात आदिवासींमधील तारणहार-चळवळींचा, म्हणजे एखाद्या प्रेषिताच्या हाकेने संकटग्रस्त समाज एकाएकी उठतो त्या घटनांचा, अभ्यास केला. एल्विन यांनी चर्च सोडले, फुक्स अखेरपर्यंत धर्मगुरू राहिले. पण वाचकाला माणूस भेटतो तो एल्विन यांच्या पानांवर अधिक. फुक्स यांची मांडणी नेटकी असून कोरडी आहे.

इंद्रावतीच्या अलीकडे या साऱ्याचे प्रतिध्वनी उशिराच पोहोचले. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे समाजसेवक बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तो सांभाळणारे त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यापुढे धर्मप्रसाराचा प्रश्न नव्हता आणि मनोविश्लेषणाचाही नव्हता. मांत्रिकाकडे जाणारा रुग्ण दवाखान्यात कसा येईल, एवढाच होता. रुग्ण बरे होऊ लागले तसा विश्वास बसत गेला, आणि वड्डेही राहिला. 1976 मध्ये तेथे निवासी शाळा सुरू झाली आणि माडिया मुलांची पहिली पिढी मराठीत लिहू-वाचू लागली. ग्रिग्सन आणि एल्विन यांचे ग्रंथ मात्र इंग्रजीत आणि पलीकडच्या तीराविषयी आहेत. आपल्या आज्यापणज्यांच्या स्वप्नांचे, हानालांचे आणि रागाचे जे वर्णन तेथे आहे, ते कितपत खरे, हे सांगू शकणारे वाचक त्या शाळेच्या बाकांवरून आता कोठे तयार होत आहेत.